चित्र आधी, गोष्ट मागून: डॉक्टर सिंटॅक्सची घोडी नक्की कुणी हाकली?

जुना ठसा

परवा प्रवासवर्णनांच्या धाग्यावर 'ओसरीवरून' यांनी लिहिलं होतं की जुन्या विनोदी प्रवासकथांमधली चित्रं म्हणजे पानातले पापड-कुरडया, नसल्या तरी पोट भरतं. भटक्या नायकाची गोष्ट शब्दांवर उभी राहते आणि चित्रं ही ज्यांना वाचायचा कंटाळा त्यांची सोय. तिथे उत्तर लिहायला बसलो आणि ते इतकं वाढलं की वेगळा धागा काढतोय.

सर, डॉक्टर सिंटॅक्स या जुन्या इंग्रजी विनोदी प्रवासकथेच्या बाबतीत तरी हे साफ उलटं आहे. त्या पंगतीत पान वाढलं चित्रकारानं, आणि लेखक मागून मीठ-लिंबू घेऊन आला.

थॉमस रोलँडसन या इंग्रज चित्रकारानं एक हाडकुळा, लांब हनुवटीचा, काळ्या कपड्यांतला गावचा पाद्री-मास्तर काढला, तोच हा सिंटॅक्स. त्याला ग्रिझल नावाच्या घोडीवर बसवलं आणि निसर्गसौंदर्य शोधायला इंग्लंडभर पिटाळलं. रुडॉल्फ आकरमान या प्रकाशकाच्या मासिकात हे १८०९ पासून येत होतं, १८१२ ला पुस्तक झालं. मजकूर विल्यम कूमचा. म्हातारा कर्जापायी किंग्ज बेंच तुरुंगाच्या हद्दीत अडकलेला. त्याच्याकडे दर महिन्याला एक चित्र जायचं आणि त्यावरून तो कविता लिहायचा. पुढच्या महिन्यात कुठलं चित्र येणार हे त्याला ठाऊक नसायचं. हे मी ऐकीव सांगत नाही, कूमनं स्वतः प्रस्तावनेत लिहून ठेवलंय: दोन वर्षं असं चाललं, दहा हजारांच्या आसपास ओळी झाल्या, आणि तेवढ्या काळात चित्रकाराची आणि त्याची ओळखसुद्धा नव्हती.

म्हणजे सिंटॅक्सला दरोडेखोरांनी झाडाला बांधायचं, मागे बैल लावायचा, पडक्या किल्ल्याचं चित्र काढता काढता पाठीवर पाण्यात पाडायचं, हे सगळं रोलँडसननं ठरवलं. पुढे काय होणार हे ज्याच्या हातात, कथाकार तोच. लोकांनाही काय आवडलं बघा. सिंटॅक्सच्या टोप्या निघाल्या, विग निघाले, चिनीमातीच्या बाहुल्या आणि बश्या निघाल्या. बशीवर कविता नव्हती, घोडी होती.

आणि "सोय" हा शब्द मला लागला, त्याचं कारण सांगतो. कला महाविद्यालयात असताना मी दोन वर्षं ॲक्वाटिंट केलंय, म्हणजे ॲसिडानं पत्र्यावर छटा उठवून चित्र छापायची पद्धत. तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड बसू द्यायची, खालून उष्णता द्यायची. पांढरी पूड काचेसारखी पारदर्शक झाली की तिथेच थांबायचं. क्षणभर उशीर झाला की राळ वितळून एक होते आणि सगळं वाया. मग पत्रा ॲसिडात. रेघेवर बुडबुडे धरतात ते पिसानं हलकेच बाजूला सारायचे, आम्ही कबुतराचं पीस वापरायचो. फिक्या जागा वार्निशनं झाकायच्या आणि पुन्हा ॲसिड. आकाशाच्या तीन छटा हव्या असतील तर हे तीनदा. आकरमानकडे रोलँडसन पत्र्यावर फक्त रेघ ओढायचा, छटा दुसरा कारागीर द्यायचा, आणि छापून झालं की रंगारी बसून एकेक प्रत हातानं रंगवायचे. प्रत्येक प्रतीतलं प्रत्येक पान, हातानं. याला पापड-कुरडई म्हणवत नाही मला.

ओसरीवरून

नमस्कार. उत्तर वाचलं. कष्टांबद्दल आदर आहे, पण कष्ट पडले म्हणून एखादी गोष्ट मुख्य ठरत नाही. मांडव घालायलाही कष्ट पडतात, पण लग्न मांडवाचं नसतं.

तुमचाच सिंटॅक्स घेऊ. तो वाट चुकतो. माळावर एक खांब आहे, त्यावरची गावांची नावं पुसून गेलीत. कुणी येईपर्यंत काय करायचं, म्हणून तो त्या खांबाचंच चित्र काढायला घेतो. आणि मग त्यात नसलेला ओढा घालतो, नसलेला पूल घालतो, वर म्हणतो की काय घालायचं आणि काय गाळायचं हा तर रसिकाचा हक्कच आहे. हा त्या पुस्तकाचा गाभा. त्या काळी विल्यम गिल्पिन नावाचे पाद्री लोकांना देखावे कसे बघायचे ते शिकवत होते. टिंटर्न ॲबी या पडक्या मठाच्या भिंती हव्या तशा पडलेल्या नाहीत, नीट हातोडा चालवला तर बऱ्या दिसतील, असं त्यांनी १७८२ च्या पुस्तकात छापलंय. डोंगर-तळ्यांच्या पुस्तकात तर गायी चित्रात दोन नकोत, तीन हव्यात, हेही आहे. सिंटॅक्स ही त्या सगळ्या फॅशनची टिंगल आहे. आता सांगा, खांबाच्या चित्रात काय दिसतं? एक माणूस, एक घोडी, एक खांब. नसलेला ओढा चित्रात कसा दिसणार? तो शब्दांतच आहे.

दुसरं असं की हाडकुळा म्हातारा आणि त्याचं मरतुकडं जनावर रोलँडसननं कुठून आणलं? सर्व्हान्तेसकडून. त्याच्या 'दोन किहोते'चा (आपल्याकडचा डॉन क्विक्झोट) पहिला भाग १६०५ चा आणि त्यात चित्रं नव्हती. लोक हसले ते नुसत्या शब्दांवर. त्याच्याही आधी, १५५४ मध्ये लाझारिलो नावाचं पोरगं आंधळ्या मालकाला फसवून त्याची दारू पीत होतं, तेही अक्षरांतच. लांब कशाला, आपले वरसईचे गोडसे भटजी. १८५७ ला ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांच्या मथुरेतल्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून निघाले, झाशीच्या वेढ्यात सापडले, लुटले गेले, आणि शेवटी गंगेची कावड घेऊन घरी आले. मी तो 'माझा प्रवास' बारा-तेरा वेळा वाचला असेन. एकही चित्र न बघता मला ते भटजी दिसतात. माझ्या आजोबांच्या चेहऱ्याचे दिसतात, आणि ते मला तसेच हवे आहेत.

शेवटी अनुभव सांगतो. एकतीस वर्षं मराठी शिकवलं, त्यातली बरीच सातारा भागात. एका वर्षी सातवीला किहोते पवनचक्क्यांना राक्षस समजून भिडतो तो प्रसंग नुसता तोंडी सांगितला आणि म्हटलं, काढा चित्र. एका पोरानं चाळकेवाडीच्या पठारावरची तीन पात्यांची चक्की काढली आणि खाली भाला घेतलेला माणूस, डोक्याला धनगरी मुंडासं. पुढच्या वर्षी मी आधी गुस्ताव्ह दोरे या फ्रेंच चित्रकाराचं किहोतेचं चित्र दाखवलं आणि मग म्हटलं, काढा. चाळीसच्या चाळीस पोरांनी तोच टोकदार दाढीचा म्हातारा काढला. त्या दिवसापासून मी वर्गात चित्र नेलं नाही.

बोरू

ओसरीवरून सर, त्या पोराचं चित्र डोळ्यासमोर आलं. पण मूळ प्रतिसादात तुम्ही "वाचायचा कंटाळा असणाऱ्यांची सोय" म्हणालात, तिथे मी थांबले, कारण माझं पोट त्यावर चालतं. बावीस वर्षं दिवाळी अंकांना आणि पुस्तकांना चित्रं काढतेय.

तुम्हाला रॉबर्ट सीमोर हा इंग्रज चित्रकार आठवतो का? 'पिकविक पेपर्स' या कादंबरीची कल्पना घेऊन प्रकाशकाकडे सीमोर गेला होता. शिकारी-मासेमारीची हौस असलेल्या शहरी अनाड्यांची मंडळी, त्यांचे फजितीचे प्रवास, आणि त्याच्या चित्रांना जोडायला कुणीतरी मजकूर लिहायचा. तो कुणीतरी म्हणजे चोवीस वर्षांचा डिकन्स. त्यानं आल्या आल्या सांगितलं की मला शिकारीतलं कळत नाही, आणि चित्रं मजकुरातून निघालेली बरी. पहिला अंक ३१ मार्च १८३६ ला आला. सीमोरला एका मरणाऱ्या विदूषकाचं चित्र पुन्हा काढायला सांगण्यात आलं. २० एप्रिलला त्यानं स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्याच्या जागी एक चित्रकार आला, त्याला काढलं, मग वीस वर्षांचा हॅब्लो ब्राउन आला. अंकातली चित्रं चारावरून दोनवर आली, पानं चोवीसवरून बत्तीसवर गेली. सीमोरची बायको पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिली की कल्पना माझ्या नवऱ्याची. डिकन्स नाकारत राहिला. आज मुखपृष्ठावर नाव कुणाचं आहे?

माझं सांगते. सहा वर्षांपूर्वी एका प्रकाशकासाठी मुलांच्या प्रवासकथेला अडतीस चित्रं काढली. लेखकाचं हस्तलिखित अर्धवट होतं. नायकाचा कुत्रा मी घातला, कारण पानाच्या उजव्या कोपऱ्यात जागा मोकळी दिसत होती. लेखकांना तो आवडला आणि त्यांनी पुढच्या चार प्रकरणांत त्याला घेतला. पुस्तक आलं तेव्हा माझं नाव तिसऱ्या पानावर, छपाई आणि अक्षरजुळणीच्या खाली, चष्मा लावूनही सापडेना इतक्या बारीक टायपात. दुसऱ्या आवृत्तीत तेही गेलं. कुत्रा आहे अजून.

ओसरीवरून

बोरूताई, तुमच्यावर अन्याय झाला हे मान्य. पण म्हणून सीमोरच्या मरणाचं ओझं डिकन्सवर टाकू नका. सीमोरचं मन आधीही एकदा असंच खचलं होतं. आणि सीमोर गेल्यावर 'पिकविक' बुडालं नाही, उलट तेव्हाच वाढलं. सीमोरची कल्पना म्हणजे फजित होणारे शिकारी, तशी चित्रं तेव्हा ढिगानं निघत होती. 'पिकविक'मधला लोकांचा लाडका नोकर सॅम वेलर सीमोरच्या पेन्सिलीतून आलेला नाही.

बोरू

मी ओझं टाकलं नाही, तारखा सांगितल्या. "ढिगानं निघत होती" हे वाक्य मात्र मी प्रत्येक मानधनाच्या वेळी ऐकते. ताई, चित्रकार ढिगानं आहेत. सर, तुम्ही चांगले शिक्षक असाल, पण कामाचा मोबदला मागताना समोरच्याचं तोंड कसं बदलतं हे तुम्ही पाहिलेलं नाही. तेव्हा जरा जपून.

जुना ठसा

दोघंही थोडं दमानं घ्या.

ओसरीवरून सर, खांबाचा मुद्दा चोख आहे. नसलेला ओढा चित्रात येत नाही, तिथे मी गप्प बसतो. सर्व्हान्तेसची पहिली आवृत्ती बिनचित्रांची होती हेही खरं.

पण दोरेबद्दल बोलणारच. पोरांनी एकसारखा म्हातारा काढला कारण तुम्ही त्यांना एकच दाखवला. किहोते चित्रांत कधीच एक नव्हता. फ्रान्समध्ये कोय्पेलनं त्याला असा काढला की दरबारी नाटकातला पाहुणा वाटावा. पुढे स्पेनच्या रॉयल अकादमीनं इबारा या मुद्रकाकडून १७८० ला आवृत्ती काढली तेव्हा मुद्दाम ठरवलं की परदेशी चित्रकार आपल्या माणसांना भलतेच कपडे घालतात, हे पुरे. चिलखतं, शस्त्रं, पोशाख सगळं त्या काळातलं हवं. म्हणजे दीडशे-पावणेदोनशे वर्षं एका बिनचित्रांच्या पुस्तकावर चित्रांतून भांडण चाललं होतं की हा माणूस वेडा आहे, दरबारी आहे की आमच्या गावचा आहे. दोरे स्पेन फिरून आला आणि १८६३ ला त्यानं त्याला एकटा केला. त्याच्या पानांवर आभाळ बघा, माणूस केवढासा आहे. पिझाँ नावाच्या कोरकामगारानं ते आभाळ लाकडावर रेघारेघांनी कोरलंय. किहोतेकडे बघून हसावं की रडावं हा प्रश्न आज आपल्याला पडतो, तो असाच चित्रांतून घडत आला.

तुमच्या चाळकेवाडीच्या पोरानं तेच केलं. त्यानं किहोतेला साताऱ्याचा केला. तेही चित्रच होतं, सर. तुम्ही त्याला निबंध लिहायला सांगितला नव्हता.

गिरगावकर

अवांतर करतो, पण राहवत नाही. रोलँडसनचा विषय निघाला आणि मुंबईचं नाव कुणीच घेतलं नाही?

१८१६ ला लंडनमध्ये 'द ग्रँड मास्टर' नावाचं एक पुस्तक निघालं. क्विझ या टोपणनावानं लिहिलेली लांबलचक टवाळ कविता, चित्रं रोलँडसनची. नायकाचं नाव 'क्वी हाय', म्हणजे आपलं "कोई है?". साहेब नोकराला हाक मारायचा ती. हा पोरगा नशीब काढायला हिंदुस्थानात येतो, मुंबईच्या बंदरावर उतरतो, मुंबईच्या खानावळीत पितो, रात्री डोंगरीला जातो. चित्राखाली 'डुंगरी' असं सरळ लिहिलंय. घारापुरीच्या लेण्यांतलंही चित्र आहे. एका चित्राच्या नावात 'बॉबरी' येतं, ते आपलं "बाप रे". गोऱ्यांनी त्याचा शब्द केला, अर्थ गोंधळ-गलका.

पेशवाई जायला दोन वर्षं बाकी असतानाची मुंबई आहे ही. असलं घबाड आपल्याकडे कुणी बघत नाही, आणि इथे इंग्लंडच्या तळ्यांवर भांडण चाललंय.

मुळा-मुठा

घबाड कसलं? रोलँडसन आयुष्यात हिंदुस्थानात आला नाही. लंडनमध्ये बसून त्यानं आपली माणसं काढली: पोट सुटलेले, दात विचकणारे, नाहीतर कमरेत वाकलेले. तुम्ही त्याला पेशवाईच्या शेवटची मुंबई म्हणता? ही मुंबईच नव्हे. ही लंडनच्या नाटकातली मुंबई आहे, मागे माड रंगवलेली.

गिरगावकर

तो आला नव्हता हे मला माहीत आहे. पण चित्राचा रोख कुणावर आहे ते तरी बघा. नावातला 'ग्रँड मास्टर' म्हणजे गव्हर्नर जनरल लॉर्ड मोइरा. पुस्तक कंपनीला झोडपतं, मिशनऱ्यांना झोडपतं. पोरगा कर्जात बुडतो, आजारी पडतो आणि मरतो. साहेबी थाटाची इतकी लक्तरं त्या वेळी दुसऱ्या कुणी टांगली?

मुळा-मुठा

लक्तरं साहेबाची, आणि मागे पार्श्वभूमीला आम्ही. साहेब निदान नायक तरी आहे. त्याला नाव आहे, कर्ज आहे, मरण आहे. त्याची हाक ऐकून जो धावत येतो त्याचं नाव काय? नायकाचं नावच "कोई है" आणि त्या हाकेला ओ देणारा माणूस चित्रात हुक्का धरून उभा. माझे पणजोबा एका साहेबाच्या बंगल्यावर पंखा ओढायचे. घरात त्यांचा एकही फोटो नाही. मला असल्या चित्रांत ते दिसतात आणि संताप येतो. तुम्ही हसा.

गिरगावकर

मी हसलो कुठे? "बघा" म्हणालो. बघणं आणि हसणं एक नव्हे.

आणि नावाचं काढलंत म्हणून सांगतो. क्वी हाय हे नाव मुंबईचं नाहीच! ते बंगालच्या गोऱ्यांना म्हणत. मद्रासचे ते 'मल्' आणि मुंबईचे ते 'डक'. हॉब्सन-जॉब्सन हा साहेबी हिंदुस्थानी शब्दांचा जुना कोश उघडून बघा. डक कशावरून, तर बॉम्बे डक, म्हणजे आपला बोंबील. मुंबईत राहणारा गोरा म्हणजे बोंबील खाणारा. आता बंगाली नावाचा नायक उचलून मुंबईच्या धक्क्यावर उतरवला, हे त्या क्विझचं अज्ञान की मुद्दाम केलेली गल्लत, यावर मी गेली दहा वर्षं विचार करतोय.

बोरू

गिरगावकर, बोंबील कुठून आला मध्येच.

गिरगावकर

मध्येच कसा? चित्रकथेतल्या नायकाचं नाव चुकलंय, हा मुद्दा नाही? माझी आजी माझगावची. सुकवलेल्या बोंबलाच्या वलांडीखालून शाळेत गेलोय मी. नावं कुठून येतात याला माझ्या लेखी किंमत आहे. डोंगरीवरून डुंगरी कापड आणि त्यावरून जगभरच्या डंगरी. त्या चित्राखालचा एक शब्द किती लांब जातो बघा.

मुळा-मुठा

कापड जाऊ द्या. मी माणसाबद्दल बोलत होतो.

रोलँडसननं घारापुरी न पाहता काढली, त्याच्या वीसेक वर्षं आधी पुण्याचा गंगाराम चिंतामण तांबट वेरूळच्या लेण्यांत बसून ती काढत होता. पेशव्यांच्या दरबारी कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे वकील, मॅलेट होता, त्याच्याबरोबर जेम्स वेल्स नावाचा चित्रकार काम करत होता, त्यांच्यासाठी. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा १७९० ला काढला तोही त्यानंच. गेंड्याच्या कातडीच्या घड्या बघा, समोर उभं राहिल्याशिवाय तशा निघत नाहीत. त्याची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. डॉक्टर सिंटॅक्सवर एवढा मोठा धागा निघतो. तांबटांवर कधी निघाला?

जुना ठसा

मुळा-मुठा, तांबटांवर धागा तुम्ही काढा, पहिला प्रतिसाद माझा. मनापासून सांगतोय. त्या गेंड्याची छापील प्रतिकृती माझ्या टेबलासमोर लावलेली आहे.

पण "न पाहता काढलं म्हणून खोटं, राहून काढलं म्हणून खरं" असं सरसकट धरू नका. चार्ल्स डॉयली हिंदुस्थानातच जन्मला, पाटण्याला कंपनीचा अफूचा एजंट होता. त्यानं १८२८ ला टॉम रॉ नावाच्या नवशिक्या गोऱ्याची अशीच विनोदी सफर काढली, कविताही त्याची आणि चित्रंही त्याची. सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. घरांच्या खिडक्या, पालख्या, भांडी, एकही चूक सापडणार नाही. तरी नोकर तिथेही नोकरच, बिननावाचा. तुमचा राग बरोबर आहे. पण तो रोलँडसन जहाजात बसला नाही यावर काढून चालणार नाही.

मुळा-मुठा

हे ऐकून घेतो. पण मग "चित्रं मुख्य" म्हणणाऱ्यांनी चित्रांचं पापही मुख्य धरावं. कवितेतली शिवी आज कुणी वाचत नाही. चित्र मात्र चौकटीत घालून हॉटेलच्या भिंतीवर लावलेलं असतं.

स्लाऊचा पाऊस

भिंतीचं निघालं म्हणून लिहितोय. एरवी फक्त वाचतो.

माझ्याकडे सिंटॅक्सचं एक चित्र आहे, पाण्यात पडतो ते. नऊ वर्षांपूर्वी इथल्या रविवारच्या बाजारात घेतलं, चौकटीसकट. बायको म्हणाली, या माणसाची हनुवटी तुझ्या मामांसारखी आहे. म्हणून घेतलं, दुसरं कारण नव्हतं. हा धागा वाचून काल रात्री पहिल्यांदाच मागची पुठ्ठ्याची पाठ उघडली. कागदाच्या डाव्या कडेला बारीक भोकं आहेत, रांगेत, आणि ती कड ब्लेडनं कापल्यासारखी सरळ. हे काय असतं?

जुना ठसा

शिवणीची भोकं आहेत ती. तुमचं चित्र पुस्तकातून कापलंय.

जुन्या चित्रांचे काही व्यापारी अख्खं पुस्तक घेतात, पानं उसवतात आणि चित्रं सुटी विकतात. सुट्या चित्रांचे मिळून पुस्तकाहून जास्त पैसे येतात. मजकुराची पानं रद्दीत जातात. तुम्हाला दोष देत नाही, तुम्हाला माहीत नव्हतं. पण मी एकदा अशा दुकानात मागच्या खोलीत गेलो होतो. कोपऱ्यात कातडी बांधणीचे रिकामे पुठ्ठे रचून ठेवले होते. आत काही नाही. सोललेल्या केळाच्या सालीसारखे.

ओसरीवरून

जुना ठसा, आता मी काय म्हणू? तुमचं म्हणणं होतं की चित्र हीच गोष्ट आहे. तो व्यापारी तुमचंच ऐकून वागला. त्यानं चित्र ठेवलं, शब्द रद्दीत घातले. आणि तुम्हाला वाईट वाटलं. का वाटलं?

जुना ठसा

...

सर, याला माझ्याकडे उत्तर नाही. वाईट वाटलं हे खरं आहे.

सिंटॅक्स पाण्यात पडला हे चित्रात दिसतं. तो गिल्पिनच्या नियमानं चांगला पडका किल्ला शोधत होता आणि एका पडक्याच दगडानं त्याला पाडलं, हे कूमशिवाय कळत नाही. एवढं देतो. मात्र "सोय" हा शब्द तुम्ही मागे घ्यायचा.

ओसरीवरून

"सोय" मागे घेतो. पापड-कुरडईही मागे घेतो, बोरूताईंसाठी. ताई, त्या कुत्र्याचं नाव काय ठेवलं होतं लेखकांनी?

बोरू

मोत्या. मी काढताना भुऱ्या म्हणत होते.

मुळा-मुठा

तांबटांचा धागा शनिवारी काढतो. गिरगावकर, तुम्हीही या, पण बोंबील घरी ठेवून.

गिरगावकर

येतो. बोंबलाचं आश्वासन देत नाही.

स्लाऊचा पाऊस

जुना ठसा, अजून एक विचारायचं होतं. काच काढल्यावर दिसलं की चित्रावर, पाण्याच्या आणि आभाळाच्या भागात, फिकट तपकिरी अक्षरं आहेत, उलटी. आधी मला डाग वाटले होते.

जुना ठसा

समोरच्या पानावरच्या कवितेची शाई आहे ती. दोनशे वर्षं पुस्तक मिटलेलं असताना कागदावर उतरते. पुसू नका, आणि कुणी स्वच्छ करून देतो म्हणालं तर देऊ नका. आरसा धरा, वाचता येईल.

स्लाऊचा पाऊस

बायकोचा हातातला आरसा घेऊन बसलोय. ती टॉर्च धरून आहे. ओळी दोन-दोनच्या यमकात आहेत, त्यामुळे एकीचं टोक लागलं की दुसरीचं ओळखता येतं. आतापर्यंत अकरा ओळी उतरवल्या. जिथे पाणी गडद आहे तिथल्या तीन लागत नाहीयेत. कुणाकडे अख्खं पुस्तक आहे का?

ओसरीवरून

माझ्याकडे नुसत्या मजकुराची प्रत आहे, बिनचित्रांची. तुमच्या अकरा ओळी इथे टाका, पान शोधून देतो.